गोदामातल्या चामचिड्या

बाभळींना कापूस लागला, की हंगाम आला हे मला कळतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे दरवर्षी होतं. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या यवतमाळ, दिग्रसच्या बाजारांकडे निघतात. ताडपत्रीखालून बाहेर आलेला कापूस रस्त्यावर वाकलेल्या फांद्यांच्या काट्यांना अडकतो. आठवडाभरात दोन्ही कडांची झाडं पांढऱ्या पुंजक्यांनी भरून जातात. परवा कॉलेजला जाताना ते दिसलं आणि मी स्कूटी थांबवली. हेल्मेटची काच वर करून नुसती बघत राहिले. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला तेव्हा निघाले. त्या दिवशी वर्गात मी काय शिकवलं, ते आता आठवत नाही.

तसं मी वर्षानुवर्षं एकच शिकवते. सिग्नल प्रोसेसिंग. हाक मारायची आणि परत येणाऱ्या आवाजावरून पुढ्यात काय आहे ते ओळखायचं. रडार हे रेडिओलहरींनी करतं, सोनार पाण्याखाली आवाजानं करतं. अडचण अशी, की परत येणारा आवाज फार क्षीण असतो आणि त्यात जगभरचा गोंगाट मिसळलेला असतो. मग करायचं काय, तर आपल्याच हाकेची एक नक्कल जवळ ठेवायची आणि ती त्या गोंगाटावरून सरकवत न्यायची. जिथं ती नेमकी जुळते, तिथं वस्तू आहे. हाक लांब हवी, नाहीतर तिच्यात जोर उरत नाही. पण लांब हाकेत जागा अचूक कळत नाही. म्हणून हाक एका सुरात मारायची नाही, ती वरून खाली घसरत न्यायची. माणसानं हे रडारसाठी स्वतःच्या डोक्यानं शोधलं. नंतर बारकाईनं बघितलं तेव्हा कळलं, की वटवाघळं हे माणूस नव्हता तेव्हापासून करताहेत आणि आपल्यापेक्षा पुष्कळ चांगलं करताहेत. तेव्हापासून आम्ही सिग्नलवाले लोक त्यांच्या दारात उभे आहोत.

मी खरोखरच त्यांच्या दारात उभी राहिले होते, एक हंगामभर. सहा-सात वर्षं झाली असतील.

दिग्रसच्या बाहेर एक बंद पडलेली जिनिंग होती. कापसातून सरकी काढणारे रेचे केव्हाच भंगारात गेले होते, मालक कुठल्याशा मोठ्या शहरात राहायला गेले होते. मागे उरलं होतं एक लांबलचक दगडी गोदाम, फाटकाजवळच्या दोन खोल्या आणि त्या खोल्यांत राहणारे चौकीदार वामनराव आणि त्यांच्या पत्नी सुभद्राबाई. गोदामात वटवाघळं होती. आमच्याकडे या लहान जातीला चामचिड्या म्हणतात. नाकावर पानासारखी कातडीची घडी असलेल्या, मुठीत मावतील एवढ्या. संध्याकाळी उंचावरच्या चार झरोक्यांतून शेकडोंनी बाहेर पडायच्या. मला नेमकं तेच हवं होतं. एवढ्या जणी एकाच अरुंद वाटेनं, एकाच वेळी ओरडत निघतात, मग प्रत्येकीला स्वतःचा प्रतिध्वनी कसा ओळखू येतो? पाण्याखाली पाच-सहा यंत्रं एकदम सोनार वापरू लागली, की एकमेकांच्या आवाजात हरवतात. माझी पीएचडी त्यावर होती. उत्तर त्या झरोक्यांत असेल असं मला वाटत होतं.

मी मूळची दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यातली. घरी आम्ही गोरबोली बोलतो, आईला याडी म्हणतो. कॉलेजातून दोन महिन्यांची सुट्टी घेऊन मी याडीकडे राहायला आले. रोज चार वाजता लॅपटॉप आणि माणसाला न ऐकू येणारे आवाज टिपणारा मायक्रोफोन पाठीला लावून स्कूटीवर जिनिंगला जायची.

पहिल्या दिवशी मी फाटकाशी उभी राहून बराच वेळ सगळं समजावून सांगितलं. वामनराव माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटी सुभद्राबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, "त्याईले ऐकू येत नाई, म्याडम. तीस वर्षं रेच्यापाशी उभे होते. लिहून द्या, वाचते ते."

मी वहीत लिहिलं. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचलं.

"चामचिड्याइचा आवाज कायले पाह्यजे तुमाले?"

मी लिहिलं, त्यांच्यासारखी यंत्रं बनवायची आहेत. अंधारात बघणारी.

ते हसले नाहीत. म्हणाले, "या मग. पण आत टॉर्च नका मारू. पोटात धसका घेते ते."

त्या दोन महिन्यांचं काय सांगू. आश्विनातल्या उन्हानं दिवसभर तापलेले दगड संध्याकाळी ऊब सोडायचे. गोदामात विष्ठेचा तिखट वास असायचा. सुरुवातीला डोळ्यांत पाणी यायचं, नंतर तो वास ओढणीला लागला आणि याडीनं ती ओढणी वेगळी ठेवायला लावली. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या जात असत. सुभद्राबाई स्टीलच्या पेल्यात चहा आणून देत. सूर्य मावळला, की वामनराव उठून ओट्यावर येत आणि बोटानं तिसरा झरोका दाखवत. "इथून निघते पयली. एकच. मंग थोडा टाइम कोणीच नाई. ती पाहून येते अन् मंग बाकीच्या."

मला ते खरं वाटलं नव्हतं. रेकॉर्डिंग तपासलं तेव्हा कळलं, रोज तसंच होत होतं.

त्यांना पुष्कळ माहीत होतं. शेतांत फवारणी झाली की त्या उशिरा परततात, वारा पश्चिमेचा असला की चौथ्या झरोक्यातून निघत नाहीत. छताखाली गळून पडलेले पतंगांचे पंख ते रोज सकाळी झाडूनं गोळा करत. एकदा पत्र्याच्या डब्यातून काढून मला दाखवले. "हे बोंडअळीचं पाखरू हाय म्हणते लोक. मले काई समजत नाई. पण खाते बरं ह्या, पोट भरून खाते." ज्या गावात कापसावर सगळं चालतं तिथं ही गोष्ट कुणाला तरी महत्त्वाची वाटायला हवी होती.

मलाही त्या वेळी फक्त माझ्या आलेखांचं महत्त्व होतं. ते आलेख सुंदर होते, हे मात्र मी आजही म्हणेन. एक लांब, सरळ रेघ आणि शेवटी खाली वळलेलं शेपूट. चामचिडी पुढे उडत असली की परतीचा सूर चढा होऊन येतो. म्हणून ती आपला सूर तेवढाच खाली उतरवून ओरडते, म्हणजे परत येताना तो तिच्या कानाला नेमका जुळतो. किड्याजवळ पोचली की हाका जवळजवळ येत जातात, शेवटी त्यांची नुसती एक भिंगरी होते. मी रात्री तांड्यात ते आलेख बघत बसायची आणि याडी म्हणायची, जेव आधी.

एक दिवस मला सुचलं, की हा आवाज वामनरावांना ऐकवता येईल. त्यांचे बारीक, चढे आवाज ऐकणारे कान गेले होते, जाडे थोडेसे उरले होते. मी रेकॉर्डिंग शंभरपट संथ केलं. जे कुणालाच ऐकू येत नाही ते खाली उतरून शिट्टीएवढं झालं. हेडफोन त्यांच्या कानांना लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. ते ओट्यावर मांडी घालून बसले होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरला.

"हे त्याइचं हाय?"

मी मान हलवली.

"सारं?"

मी पुन्हा मान हलवली.

"मले वाटे मुक्या हायेत," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी इथं बसेल आहो. अन् ह्या बोलून राह्यल्या होत्या."

त्यांनी ते तीनदा ऐकलं. मग सुभद्राबाईंना बोलावून त्यांच्या कानांना लावलं आणि त्या काय म्हणतात ते बघत राहिले. सुभद्राबाई म्हणाल्या, "कोण्या लेकरानं शिटी वाजवल्यावानी लागते." मी ते वहीत लिहून त्यांना दाखवलं. त्या संध्याकाळी मला वाटलं, मी आयुष्यात काहीतरी चांगलं केलं आहे.

त्यानंतर मी जे केलं ते आता सांगते.

काम संपत आलं तेव्हा मीच एका स्थानिक वर्तमानपत्राच्या वार्ताहराला फोन केला. पीएचडीच्या मार्गदर्शकांना बरं वाटेल, कॉलेजच्या व्यवस्थापनाला कळेल की बाई सुट्टीत काय करत होत्या. तांड्यातली मुलगी रडारवर संशोधन करते, हे छापून यावं असं मला वाटत होतं. ते मी लपवत नाही. वार्ताहर आला, त्यानं गोदामासमोर माझा फोटो काढला. वामनरावांना शेजारी उभं केलं. काय चाललंय ते मी वहीत लिहून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "छापा तुमी. पण जागा नका सांगू, म्याडम."

मी लिहिलं, लोकांना कळलं तरच त्या वाचतील.

त्यांनी वाचलं. "बरं," म्हणाले. मी शिकलेली होते, म्हणून त्यांनी ऐकलं.

जिनिंगचं नाव, रस्ता, फाटक, सगळं छापून आलं.

पुढच्या उन्हाळ्यात कोरोना आला. वटवाघळांमुळे आला असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं आणि तो फोटो मोबाइलवर फिरायला लागला. खाली कुणीतरी नवी ओळ टाकली होती, 'दिग्रसकरांनो, सावध.' माझा चेहरा कापून टाकला होता. राहिलं होतं गोदाम आणि वामनराव.

त्यांनी मला तीन वेळा फोन केला. ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा फोन म्हणजे एकतर्फी बोलणं. मी उत्तर दिलं तरी त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. बोलून झालं की ते फोन ठेवून देत.

पहिल्यांदा म्हणाले, "वामन बोलतो. लोक येऊन पाहून राह्यले. तुमी येऊन समजावून सांगा. तुमचं ऐकतीन."

आठ दिवसांनी दुसरा आला. "दगडं मारून राह्यले झरोक्याइले. ह्या पोटुशा हायेत, म्याडम. काहीले पिल्लं झाली. उडून कुठं जातीन?"

मी कॉलेजच्या गावी, यवतमाळला होते. लॉकडाउनमुळे बस बंद होत्या, पण प्रवासाचा पास मिळत होता. मी अर्ज भरायला घेतला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते ठरेना. एका सरकारी कार्यालयात फोन लावला, तिथला माणूस सौम्यपणे म्हणाला की मॅडम, हे प्राणी संरक्षणाच्या यादीत येत नाहीत आणि सध्या दिवस कसे आहेत तुम्ही बघताच आहात. मी तेवढ्यावर थांबले. लोकांनी माझं ऐकलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण त्याहून खरं वेगळंच आहे. मी स्वतः घाबरले होते. दोन महिने मी त्या गोदामातली हवा श्वासात घेतली होती. त्या दिवसांत कुणालाच काही नक्की ठाऊक नव्हतं आणि मलाही रोज घसा दुखल्यासारखा वाटायचा. एका दुपारी मी तो मायक्रोफोन सॅनिटायझरनं पुसून काढला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. जिनं त्यांच्या हाकेतली एकेक कंपन मोजलं होतं, तीच त्यांना घाबरत होती. मग ज्यांनी काहीच मोजलं नव्हतं त्यांना मी काय म्हणणार?

तिसरा फोन मेच्या अखेरीला आला.

"आता येऊ नका, म्याडम," एवढंच म्हणाले.

जुलैत रस्ते मोकळे झाले तेव्हा मी गेले. कुठलीही आरडाओरड न होता ते झालं होतं, असं सुभद्राबाईंनी सांगितलं. भरदुपारी माणसं आली, सगळी ओळखीची. त्यांनी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, आणि मिरच्या आणल्या होत्या, ओली पोती आणली होती. वामनराव दारात उभे राहिले. कुणी त्यांना मारलं नाही. दोघांनी त्यांना दंडाला धरून निंबाखाली नेऊन बसवलं आणि म्हणाले, बाबा, तुमच्याच भल्यासाठी करून राह्यलो. झरोके पोत्यांनी बुजवले, आत जाळ केला, दार ओढून घेतलं. वामनरावांना आतलं काही ऐकू आलं नाही. बाहेरच्यांनाही आलं नसणार. तो आवाज माणसाच्या कानाला नाहीच. मला मात्र तो कसा असेल ते माहीत होतं. रेघा कशा असतील, कुठं तुटल्या असतील, हे मला निंबाखाली उभं राहून डोळ्यांसमोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी एकट्यानं गोदामामागे खड्डा खणला आणि टोपल्यांनी सगळं नेऊन पुरलं. सुभद्राबाई म्हणाल्या, "आयच्या पोटाले पिल्लं तशीच चिकटेल होती. सोडवून पाह्यलं त्याईनं एक-दोनदा. सुटत नव्हती."

वामनराव आत बाजेवर पडून होते. त्यांना खोकला लागला होता. मी वहीत लिहिलं, माझं चुकलं. त्यांनी वाचलं आणि वही मिटून माझ्या हातात दिली. "पाऊस कसा काय तिकडे?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर त्यांचं जगणं अवघड झालं. वटवाघळांजवळ राहिलेला आणि वर खोकणारा माणूस. हापशीवर बायका सुभद्राबाईंना शेवटी उभं करत. बुद्धविहारात पौर्णिमेला गेल्या तर आजूबाजूच्या सतरंज्या सरकत. मालकांनी जागा विकायला काढली आणि चौकीदाराला खोल्या सोडायचा निरोप पाठवला. दोघं बाभुळगावला लेकीकडे गेले.

माझी पीएचडी झाली. त्या झरोक्यांचं उत्तर मला सापडलं. संपूर्ण नाही, पण पुरेसं. गर्दीतून निघताना प्रत्येक चामचिडी आपल्या हाकेचा सूर आणि वेळ किंचित बदलते, शेजारणीची हाक टळेल इतपत. आता कुठं कुठं पाण्याखालच्या यंत्रांसाठी माझी रेकॉर्डिंगं वापरली जातात. काम चांगलं झालंय, असं सगळे म्हणतात. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, यांची आणखी रेकॉर्डिंग्ज मिळतील का? ताजी?" मी म्हटलं, नाही. त्यानं कारण विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. त्या गोदामातल्या एकेकीची हाक माझ्याकडे आहे आणि त्यातली एकही जिवंत नाही, हे वर्गात कसं सांगायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मी वामनरावांना बाभुळगावात दोनदा भेटले. दम लागायचा, बोलणं कमी झालं होतं. चामचिड्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. दोन वर्षांपूर्वी, कापूस फुटायला लागला होता तेव्हा, ते गेले. मला पंधरा दिवसांनी कळलं.

मी गेले तेव्हा सुभद्राबाई लेकीच्या ओसरीत भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. मी जवळ बसले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "एक विचारू काय? ते पेपरवाले तुमीच बलावले होते ना?"

"हो."

"मले तवाच समजलं होतं." त्या सोलत राहिल्या. "लोक विचारत होते, कोणं छापाले लावलं? कोणी म्हणे, ते म्याडम कोण होती, तिचं घर कोठं हाय, तांड्यावर जाऊ. ह्याईनं सांगतलं, म्याडमचा काई संबंध नाई, मीच बलावलं पेपरवाल्याले, माहा फोटो यावा म्हणून. सारे त्याईच्या तोंडावर थुकले. मी खुणेनं इचारलं, काहून खोटं बोलता? तर म्हणे, तिची माय एकटी राह्यते तांड्यावर."

 अंगणात लेकीची कोंबडी शेंगांची टरफलं उकरत होती.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" मी शेवटी विचारलं.

"त्याईनं नाई म्हटलं होतं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "म्याडम, तुमी चांगल्या हा. पण आता येत नका जाऊ. तुमी आल्या की मले तो खड्डा दिसते."

मी हो म्हटलं. त्यांनी चहा केला. तो मी प्यायले, पेला विसळून पालथा ठेवला आणि बसस्टँडवर चालत आले. तेव्हापासून मी बाभुळगावला गेलेले नाही.